कोर्टाजवळ भाषांतर आणि टायपिंग करणाऱ्या अक्कांना

अक्का, नमस्कार.

तुम्ही कानडी असून मराठी झरझर वाचता, म्हणून मराठीतच लिहिते. आणि सगळ्यांसमोर लिहिते, कारण तुमच्या टेबलापाशी उभं राहून आभार मानायला गेलं की तुम्ही "पुढचा कागद दे" म्हणता आणि विषय संपतो.

व्हिसा आला. ऑक्टोबरच्या हिवाळी सत्राला मी जर्मनीत, फ्रायबेर्गला, धातुशास्त्र शिकायला जाते आहे. बाबा बेळगावच्या उद्यमबागेतल्या फाउंड्रीत इतकी वर्षं ओतकाम करतात. त्यांच्या मुलीला १७६५ साली खाणकाम शिकवण्यासाठी सुरू झालेल्या विद्यापीठात जागा मिळाली, हे त्यांनी अख्ख्या शिफ्टला सांगून झालंय.

गेल्या श्रावणात खानापूरच्या बसनं उतरून मी तुमच्याकडे पहिल्यांदा आले, तेव्हा हातात ई-स्वत्तूच्या, म्हणजे ग्रामपंचायतीच्या घर-मालमत्तेच्या नोंदीच्या, नमुना ९ आणि ११ ची पिशवी होती. सगळं कन्नडमध्ये. बँकेनं शेतजमीन तारण घेणार नाही म्हणून सांगितलं होतं, घराचे कागद इंग्रजीत करून आणा म्हणाले होते. एक कन्सल्टन्सीवाला मला जर्मनीतल्या खासगी कॉलेजात पाठवायला निघाला होता, फी वर्षाला बारा लाख. त्याला आगाऊ तीस हजार देऊन बसले होते. आईनं भिशीचे पैसे उचलून दिले होते ते.

तुम्ही आधी शेतजमिनीचं कोडं सोडवलंत. कर्ज थकलं तर सरफेसी कायद्याखाली बँकेला शेती विकता येत नाही, म्हणून ती नको म्हणते, यात तुझा अपमान काही नाही, असं सांगितलंत. बँकेत कुणी एवढं सांगितलं असतं तर बाबा त्या रात्री जेवले असते.

मग तुम्ही विचारलंत, "एवढं कर्ज कशाला गं?" मी फीचा आकडा सांगितला. तुम्ही चष्मा काढून ठेवलात. जर्मनीत बहुतेक सरकारी विद्यापीठं शिकवण्याची फी घेत नाहीत, सत्राची वर्गणी तेवढी भरावी लागते, हे तुमच्याकडून मी पहिल्यांदा ऐकलं. इतकी वर्षं परदेशी जाणाऱ्या मुलांचे कागद तुमच्या हाताखालून गेले, त्यातून तुम्हाला ठाऊक झालेलं. ज्याला खासगी कॉलेज कमिशन देतं, तो तुला सरकारी का दाखवेल, एवढंच म्हणालात. माझे तीस हजार परत आले नाहीत. पण कर्ज मात्र पुढे फक्त ब्लॉक्ड अकाउंटपुरतं, म्हणजे व्हिसासाठी राहण्याचा खर्च आधीच भरून दाखवायच्या खात्यापुरतं, काढावं लागलं: वर्षाचे ११,९०४ युरो, म्हणजे साधारण बारा लाख. आणि ते फीसारखे जाणारे पैसे नव्हेत. तिथं पोचल्यावर दरमहा ९९२ युरो माझ्याच हातात राहण्या-खाण्याला येणार.

त्या दिवशीची तुमची तांबडी पेन्सिल मला अजून दिसते. भाषांतर बाजूला ठेवून तुम्ही माझे सगळे कागद टेबलावर पसरलेत, वर लाकडी पट्टी ठेवलीत आणि जिथं जिथं माझं नाव होतं तिथं खाली रेघ ओढत गेलात. दहावीच्या मार्ककार्डावर आडनावच नाही, नुसतं एक इंग्रजी अक्षर. पदवीच्या कागदावर तेच अक्षर नावाच्या पुढे. आधार आणि पासपोर्टवर पूर्ण आडनाव. बाबांचं नाव उताऱ्यात कन्नडातून इंग्रजीत गेलेलं, त्यात एक 'अ' जास्त. मराठी शाळेच्या रजिस्टरात तिन्ही नावं ठसठशीत, पण ते कुणी मागत नाही. मोजून चार मुली झाल्या माझ्या. "निधान," म्हणजे सावकाश, तुम्ही कन्नडात म्हणालात, "आधी नाव एक कर, मग जर्मनीला जा."

मला घाई होती, तोंड उतरलं माझं. पण नोव्हेंबर २०२२ पासून भारतीय विद्यार्थ्यांना एपीएसचं, म्हणजे शिक्षणाचे कागद तपासणाऱ्या जर्मन कार्यालयाचं, प्रमाणपत्र सक्तीचं आहे आणि तिथं दहावीपासूनचे कागद तपासतात. अठरा हजार भरून अर्ज नावाच्या घोळात अडकला असता तर माझं वर्ष गेलं असतं. ही चारही नावं एकाच मुलीची, असं प्रतिज्ञापत्र तुम्ही टाईप केलंत, शेजारच्या नोटरीकडे स्वतः घेऊन गेलात, आणि ते मी पुढे प्रत्येक अर्जाला जोडलं.

भाषांतरही तसंच. गुंठा तुम्ही नुसता गुंठा म्हणून सोडला नाहीत, पुढे १,०८९ चौरस फूट लिहिलंत. इंग्रजी वाचणाऱ्याला आपलं घर केवढं ते कळायला पाहिजे, म्हणालात.

आणि फ्रायबेर्ग! माझ्या यादीत मी फ्रायबुर्ग लिहून आणलं होतं. पेन्सिल तिथंही थांबली. बेर्ग सॅक्सनीत, बुर्ग बाडेन-व्युर्टेंबर्गमध्ये; आणि त्या राज्यात २०१७ पासून युरोपबाहेरच्या विद्यार्थ्यांना सत्राला १,५०० युरो भरावे लागतात. दोन शहरं, फरक एका अक्षराचा. मला धातू शिकायचा होता आणि मी भलत्याच गावाला निघाले होते.

एक चूक तुमचं न ऐकता करणार होते, तीही सांगते. माझी मावशी चंदगडला. तिच्या पत्त्यावर महाराष्ट्रातून व्हिसाचा अर्ज करावा, एवढ्या लांब बेंगळूरुला कोण जाणार, असं घरात ठरत होतं. तुम्ही ठाम नको म्हणालात. राहणं कर्नाटकात, तर वकिलात बेंगळूरुची, महाराष्ट्रातल्यांना मुंबईची. खोटा पत्ता दिलास तर सगळ्या खऱ्या कागदांवर पाणी पडेल. राणी चन्नम्मा एक्स्प्रेसनं रात्रभर बसून गेले, बाबा सोबत होते. मावशीचं गाव जवळ आणि बेंगळूरु पाचशे किलोमीटर, हे सीमेवरच्या माणसालाच कळतं.

सीमेवरचं म्हणून आणखी एक. आमच्या घरी १ नोव्हेंबर काळा दिवस. बाबा दंडाला काळी फीत बांधतात, आजोबाही बांधायचे. त्याच दिवशी तुमच्या टेबलावर कर्नाटक राज्योत्सवाचा तांबडा-पिवळा झेंडा असतो. गेल्या वर्षी २ तारखेला मी प्रतिज्ञापत्र न्यायला आले, तेव्हा झेंडा अजून होता आणि मला आत येताना अवघडल्यासारखं झालं होतं. तुम्ही खुर्ची पुढे केलीत, "बाबांचं नाव परत एकदा नीट सांग, तुमच्यात कसं म्हणतात तसं," म्हणालात, आणि मी सांगितलं तसंच, आमच्या उच्चाराप्रमाणे, अक्षर अक्षर टाईप केलंत. बाबांना मी हे सांगितलं तेव्हा ते बराच वेळ काही बोलले नाहीत. मग म्हणाले, अक्कांना बेळगावचा गोड कुंदा नेऊन दे.

तुम्ही माझ्याकडून फक्त भाषांतराचे पैसे घेतलेत, पानामागे ठरलेले. बाकी सगळ्याचे विचारले तर "ते काय काम आहे होय?" म्हणालात. काम होतं अक्का. माझं सगळं त्याच्यावरच उभं राहिलं.

शुक्रवारी येते, दुपारी, तुमचा डबा खाऊन झाल्यावर. कुंदा आणते. पासपोर्टही आणते. व्हिसाच्या पानावर माझं नाव छापलंय. मी दहादा वाचलं, बाबांनी वाचलं, बरोबर आहे. तरी तुम्ही एकदा पट्टी ठेवून बघा.

तुमची,
खानापूरची, चार नावांची मुलगी