पावसाळी तयारीत पेडलचं रबर कुठे गेलं?

मा. संपादक साहेब, नमस्कार.

मे संपत आला की आपल्या गोव्यात घरोघरी पुरमेंताची, म्हणजे पावसाळ्याच्या बेगमीची, गडबड सुरू होते आणि पेपरांत गाडीच्या पावसाळी तयारीची माहिती यायला लागते, परवा तुमच्याकडेही आली होती. वायपर, टायर, बॅटरी, हेडलाइट, सगळं होतं आणि बरोबरच होतं. पण ज्यावर पाय दाबून आपण गाडी थांबवतो त्या ब्रेक आणि क्लचच्या पेडलवरच्या रबराबद्दल एक ओळसुद्धा नाही, आणि हे दरवर्षीचंच झालंय, म्हणून म्हटलं आपणच लिहूया.

नवीन रबराला खाचा असतात, पाणी त्या खाचांत जातं आणि चप्पल रबराला धरून राहते. झिजून सपाट झालं की पाणी मधेच अडकतं, आणि कोपऱ्यातून आतला पत्रा डोकावायला लागला असेल तर मग विचारूच नका. रोजच्या हळूहळू ब्रेक मारण्यात हे कळत नाही, कारण जोरच लागत नाही. कळतं ते रात्री पावसात रस्त्याच्या मधोमध गुरं बसलेली दिसल्यावर, तेव्हा माणूस जीव खाऊन ब्रेक दाबतो आणि नेमका तेव्हाच पाय सरकतो, उजवीकडे सरकला तर थेट ऍक्सिलरेटरवर. ताशी 60 च्या स्पीडला गाडी एका सेकंदात जवळजवळ 17 मीटर जाते, म्हणजे पाय परत जागेवर आणण्यात अर्धा सेकंद गेला तरी आठ मीटर, दोन गाड्या एकापुढे एक उभ्या राहतील एवढं अंतर गेलं की हो.

आणि आपल्याकडे या रबराचे हाल जरा जास्तच होतात. किनाऱ्यावरून येताना तळव्याला वाळू, ती पॉलिश पेपरसारखी रबर घासत राहते. आत डिचोली, सत्तरीकडे तांबडी माती, ती खाचांत भरून सुकते. त्यात चवथीला अख्खं कुटुंब मूळ घरी निघालेलं, बाहेर धो धो पाऊस, आणि गाडी चालवणारा ओल्या रबरी चपला घालून किंवा चक्क अनवाणी. फेरीबोटीवर गाडी चढवताना बघा, चोडणला जा नाहीतर दिवाडीला, रॅम्प ओला, पुढची गाडी हातभर अंतरावर, फेरीवरचा माणूस 'या या' करत हात हलवतोय आणि आपण अर्ध्या क्लचवर गाडी धरून बसलोय. तिथे क्लचवरून पाय सटकला तर गाडी एकतर बंद पडणार नाहीतर पुढच्याला जाऊन भिडणार.

तपासायला गॅरेज लागत नाही. गाडी बंद करा, दार उघडा, खाली वाकून मोबाईलचा टॉर्च मारा. आधी जुना ब्रश आणि साबणाच्या पाण्याने माती काढा, कारण कधीकधी खाचा असतात पण मातीने बुजलेल्या असतात आणि उगाच बदलायचा खर्च होतो. मग अंगठा फिरवून बघा, खाचा हाताला लागतात का. ब्रेकच्या रबराची बहुधा उजवी कड आधी जाते कारण पाय ऍक्सिलरेटरवरून तिथेच येऊन पडतो, शहरात चालणाऱ्या गाडीचं क्लचचं रबर त्याच्याही आधी संपतं. रबर हाताने पिळून बघा, ते पेडलवर फिरलं किंवा कड सुटून आली तर ते खाचा असूनही बाद.

बदलणं म्हणाल तर बहुतेक गाड्यांचं हे रबर शे-दोनशेत येतं, फक्त आपल्या मॉडेलचंच घ्या. जुनं कोपऱ्यातून उचकटून काढा, खाली गंज असेल तर घासून पुसून घ्या (आपल्या खाऱ्या हवेत तो असतोच). नवीन रबर ताठ असतं, थोडा वेळ गरम पाण्यात ठेवलं की नरम पडतं. एक बाजू आधी पत्र्याच्या मागे अडकवायची आणि मग चमच्याच्या दांड्याने उरलेली कड ओढत ओढत चारी बाजूंनी मागे बसवायची. सोपं जावं म्हणून ऑईल किंवा ग्रीस अजिबात लावू नका, त्याने रबरही खराब होतं आणि पेडलही निसरडं राहतं. ऍक्सिलरेटर बऱ्याच नव्या गाड्यांत अख्खा प्लास्टिकचाच असतो, तिथे रबर शोधत बसू नका. आणि पेडल दाबल्यावर खोल जात असेल किंवा स्पंजासारखं लागत असेल तर तो रबराचा दोष नव्हे, सरळ मेकॅनिककडे जा.

माझा खरा राग आहे तो गाडी धुणाऱ्यांवर. डॅशबोर्डला मारायचं ते चकचकीत पॉलिश ही मंडळी पेडललाही फासतात, मालक खूश, आणि पहिल्याच वळणावर पाय स्केटिंग करतो. दुसरे ते सायकलची ट्यूब गुंडाळणारे, आणि तिसरे जुन्या मॅटवर नवीन मॅट टाकणारे. मॅट सरकून पेडलमधे अडकणं ही काही छोटी गोष्ट नाही, 2009 मध्ये अमेरिकेत टोयोटाने मॅटमुळे ऍक्सिलरेटर अडकू शकतो म्हणून सुमारे 38 लाख गाड्यांसाठी रिकॉल काढला होता.

सेकंडहँड घेणाऱ्यांनीही आधी पायाशी बघावं. मीटर 30 हजार किलोमीटर सांगतोय आणि क्लचचं रबर टक्कल पडल्यासारखं, तर मालकाला दोन प्रश्न जास्त विचारा. उलट गाडी जुनी आणि पेडलला मात्र कोरं करकरीत रबर, तरीही विचारा. काळ्या नंबरप्लेटच्या भाड्याच्या गाड्या तर रोज नव्या पायाखाली जातात, पर्यटक समुद्रावरून ओल्या पायानेच आत बसतो, तो काही खाली वाकून बघणार नाही, म्हणून गाडी देणाऱ्यांनी टाकीतल्या पेट्रोलचा फोटो काढतात तसा पेडलचाही एक काढून ठेवावा. आणि तुम्ही पुढच्या वेळी ती पावसाळी यादी छापाल तेव्हा वायपरच्या खाली एवढी एक ओळ वाढवा, जागा फार लागणार नाही.

आपला एक नियमित वाचक,
फोंडा