ट्रेडलवाल्या काकांना, दोन रोलरबद्दल

आदरणीय काका,
सा. न. वि. वि.

नागपूरच्या महाल भागातला ट्रेडलचा (पायानं चालवायच्या छपाईयंत्राचा) छापखाना आवरताना तुम्ही आमच्या चित्र-अभ्यास गटाला शाई लावायचे दोन रोलर दिलेत, एक सरसाचा आणि एक रबराचा. ते वापरायचे कसे, हेही शिकवलंत. त्याचे हे जाहीर आभार.

चित्रकार वासुदेव गायतोंडे 1924 साली याच नागपुरात जन्मले. मुंबईच्या जे. जे. कलाशाळेतून 1948 साली पदविका घेतली, पुढे प्रोग्रेसिव्ह आर्टिस्ट्स ग्रुप या नव्या विचारांच्या चित्रकारांच्या मंडळींत गेले आणि हळूहळू माणसं, वस्तू, आकार सगळंच सोडून दिलं. आपल्या चित्रांना कुणी ‘अमूर्त’ म्हटलेलंही त्यांना पटत नसे. या बंडावर भाषणं पुष्कळ होतात. कुंचला बाजूला ठेवून त्यांनी रोलर आणि पॅलेट नाइफ (रंग पसरवायची बोथट सुरी) धरली, तिथे मात्र बोलणारे अडतात, कारण ते तंत्र छापखान्याच्या जवळचं आहे. म्हणून काका, तुम्ही लागलात.

कॅनव्हासवरचा थर संत्र्याच्या सालीसारखा का उठतो, ते तुम्ही कानानं ओळखलंत. काचेवर रोलर फिरताना बारीक, एकसारखी चरचर हवी. चिकट ‘चपचप’ आली की रंग जास्त झाला. चौरस फुटाला सुपारीएवढा रंग पुरे. पहिला थर टर्पेंटाइननं पातळ केलेला आणि वरच्या प्रत्येक थरात जवसाचं तेल थोडं वाढवत न्यायचं. उलट केलं तर वरचा थर आधी कडक होतो, खालचा हलत राहतो आणि तडे जातात. जाड थराला नागपूरच्या मे महिन्यात वरून साय धरते आणि सुरकुत्या पडतात.

गायतोंडे फाडलेल्या कागदाचे तुकडे वापरून रंग कॅनव्हासवर उतरवत. त्यासाठी वर्तमानपत्राचाच कागद का बरा, तेही तुम्हीच सांगितलंत: तो तेल पितो, त्यामुळे उतरलेला रंग मऊ आणि बिनचमकीचा दिसतो. पण दाबून लगेच उचलायचा. चिकटू दिला तर कागदाचे धागे रंगात राहतात, आणि ते खरवडताना खालचा थरही जातो.

रोलर जपण्याचं तुमचं सांगणं भिंतीवर लावलंय. सरसाच्या रोलरला पाणी लावायचं नाही, रॉकेलच्या फडक्यानं पुसायचा. उन्हाळ्यात तो मऊ पडून बसतो, म्हणून टेकवून न ठेवता दोन्ही टोकांवर टांगायचा. रबरी रोलर टर्पेंटाइननं फुगतो, म्हणून काम संपताक्षणी कोरडा करायचा. एवढं नेमकं आम्हाला कुठल्याच चित्रकला-वर्गात मिळालं नव्हतं.

सरसाच्या रोलरला डाव्या टोकाशी बारीक खाच आहे. ती प्रत्येक थरात एक सरळ रेघ सोडते. उन्हाळा उतरला की तो घेऊन तुमच्याकडे येतो. नव्यानं ओतायचा की खाच भरून चालेल, ते तुम्हीच बघून सांगा.

आपले,
चित्र-अभ्यास गट, नागपूर