फ्रीजमधलं इंजेक्शन माझंच आहे

आई, बाबा,

शिवाजी पेठेतून राजारामपुरीत यायला रिक्षानं पंधरा मिनिटं लागतात, तरी पत्र लिहितेय. कारण समोर आले की आई तू आधी ताट वाढतेस, आणि ताट पुढ्यात आलं की जे बोलायचंय ते माझ्या तोंडातून निघतच नाही.

मागच्या गुरुवारी तू साय ठेवायला माझा फ्रीज उघडलास आणि लोण्याच्या डब्यामागं ते खोकं दिसलं. कुणाचं गं हे इंजेक्शन म्हणून विचारलंस, आणि मी पटकन बोलून गेले की शेजारच्या काकूंचं आहे, त्यांचा फ्रीज बिघडलाय. दुसऱ्या दिवशी सकाळी सकाळी तुझा फोन, काकूंची तब्येत कशी आहे, इंजेक्शन म्हणजे अशक्तपणा आला असेल, आणि शनिवारी बाबा नाचणीच्या पिठाचा डबा घेऊन दारात हजर, काकूंना दे म्हणून. तेव्हापासून मला नीट झोप नाही. आई, ते इंजेक्शन माझं आहे. वजन कमी करायचं औषध आहे. दर बुधवारी रात्री मी स्वतःच्या पोटावर घेते, पाच आठवडे झाले.

आणि त्या रविवारचं पण सांगते. तू मटण केलेलंस, तांबडा-पांढरा दोन्ही, मला भूक अजिबात नव्हती पण तू पांढऱ्याची वाटी दुसऱ्यांदा भरलीस आणि मला नको म्हणवेना, प्यायले. नंतर बाथरूममध्ये नळ सोडून उलटी केली म्हणजे तुला आवाज जाऊ नये. बाहेर आले तर तू माझ्या तोंडाकडं बघून मीठ-मोहरी घेऊनच उभी होतीस, कुणाची तरी नजर लागली पोरीला म्हणत. माझ्यावरून उतरवताना तुझा हात थरथरत होता आणि मी गप्प उभी राहिले. त्या औषधानं पोट सावकाश रिकामं होतं, त्यात तुपट-तेलकट जास्त गेलं की असं होतं, डॉक्टरांनी आधीच सांगितलेलं. तुझ्या मटणाचा काही दोष नव्हता गं.

आता बाबा, तुमचं वाक्य मला माहितीय, घाम गाळला की वजन उतरतंय. गंगावेशला तालमीत तुम्ही जे केलंय ते मी लहानपणापासून ऐकलंय आणि मला त्याचा अभिमान आहे. पण मी पण घाम गाळलाय ओ. तीन वर्षं रोज पहाटे रंकाळ्यावर चालले, भात सोडला, रात्रीचं जेवण सोडलं, कुणी सांगितलेला काढा प्यायले, लेडीज जिमची वर्षाची फी भरली. नऊ किलो उतरलं होतं, तुम्हीच म्हणाला होता आता बरी दिसतीस. पुढच्या दीड वर्षात अकरा चढलं. तेव्हा वाटायचं आपल्यातच काहीतरी कमी आहे. आता कळतंय की वजन उतरलं की शरीर त्याला उपासमार समजतं, भुकेचे हार्मोन वाढवतं आणि गेलेलं परत मिळवायच्या मागं लागतं, आणि ते महिना-दोन महिने नाही तर वर्षानुवर्षं चालतं.

आणि एक गोष्ट, बाबा तुमच्यासमोर असलं कधी बोललो नाही पण आता बोलते, माझी पाळी बंद होऊन चौदा महिने झाले. या वयात बाईचं इस्ट्रोजेन नावाचं हार्मोन कमी होतं, मांड्या-कमरेवर बसणारी चरबी पोटावर बसायला लागते, स्नायू कमी होतात, झोप मोडते. खाणं तेच असलं तरी अंग बदलतं. माझं वजन ८४ किलो, उंची पाच फूट एक, बीएमआय, म्हणजे उंचीच्या मानानं वजनाचा आकडा, ३५ च्या आसपास, आणि आपल्याकडच्या लोकांना २५ लाच लठ्ठपणा धरतात कारण आपल्याला शुगर कमी वजनातच गाठते. लिव्हरवर चरबी आलीय. तीन महिन्यांच्या सरासरी शुगरची तपासणी, एचबीएवनसी, ६.२, म्हणजे डायबेटिसच्या उंबऱ्यावर, ६.५ ला लागतोच. बाबा, मी तुमच्या पायाची जखम चार महिने ड्रेसिंग केलीय, ती जखम भरत नव्हती तेव्हाचा वास अजून माझ्या नाकात आहे. मला तिथंवर जायचं नाही.

हे सगळं डॉक्टर समजावत होते आणि मला आई सारखी तूच आठवत होतीस. अठ्ठेचाळीसलाच तुझं पण असंच झालेलं ना. तू जोतिबाच्या पायऱ्या चढायची बंद झालीस, हातातल्या बांगड्या रुतायला लागल्या, आणि आत्या सगळ्यांसमोर म्हणायची वैनी आता लईच सुटली. तू पहाटे पाचला उठून दहा माणसांचं करत होतीस आणि तुला बसून खाणारी म्हणत होते. मी पण मनात तसंच म्हणायचे, तेव्हा वीसेक वर्षांची होते, एवढी अक्कल नव्हती. तुला कुणी एका शब्दानं सांगितलं नाही की हे तुझ्या हातातलं नव्हतं. मी आज सांगते, तुझी काही चूक नव्हती.

औषधाचं नाव टिर्झेपॅटाइड. जेवल्यावर आपलं आतडंच जीएलपी-वन आणि जीआयपी नावाचे हार्मोन सोडतं, ते मेंदूला कळवतात की झालं, पुरे. पण आपलं जीएलपी-वन दोन-चार मिनिटांतच संपतं, हे औषध त्या दोन्हींची नक्कल करतं आणि आठवडाभर टिकतं. बाबा, तुम्हाला असल्या गोष्टी आवडतात म्हणून सांगते, या जातीचं पहिलं औषध निघालं ते अमेरिकेतल्या वाळवंटातल्या एका विषारी सरड्याच्या विषात सापडलेल्या पदार्थावरून, २००५ मध्ये तिकडं डायबेटिससाठी मंजूर झालं. टिर्झेपॅटाइड आपल्याकडं २०२५ च्या मार्चमध्ये आलं. अडीच हजार लोकांवर ७२ आठवडे जो अभ्यास झाला त्यात डोसप्रमाणं सरासरी १५ ते २१ टक्के वजन उतरलं, नुसतं पाण्याचं इंजेक्शन आणि पथ्य ज्यांना दिलं त्यांचं ३ टक्के.

मला जाणवलं ते वेगळंच. दुसऱ्या आठवड्यात ऑफिसात कुणाचा तरी वाढदिवस होता, समोर केक आणि समोसे, आणि अर्ध्या तासानं लक्षात आलं की मी त्याचा विचारच केला नाही. आयुष्यभर डोक्यात एक रेडिओ चालू होता, काय खायचं, काय नाही खायचं, आता खाल्लं तर रात्री काय, तो कुणीतरी बंद केल्यासारखं झालं. मी गाडीत बसून रडले.

काळजीचं पण लपवत नाही. पहिले चार आठवडे अडीच मिलिग्रॅमचा डोस होता, आता पाचचा चालू केलाय. मळमळते, पोट साफ होत नाही, फोडणीचा वास दोन दिवस नकोसा होतो. पित्ताशयात खडे होऊ शकतात, स्वादुपिंडाला सूज येऊ शकते, वरच्या पोटात जोरात दुखून पाठीत गेलं तर लगेच दवाखाना गाठायचा हे घरात सगळ्यांना सांगून ठेवलंय. थायरॉइडचा एक ठरावीक कॅन्सर घराण्यात कुणाला असेल तर हे देतच नाहीत, म्हणून तर मी तुला आजीच्या गळ्याच्या गाठीबद्दल एवढं खोदून खोदून विचारत होते. ती साधी गाठ होती हे कळल्यावरच, सगळ्या तपासण्या करून चालू केलं. पहिल्या महिन्याला चौदा हजार गेले, माझ्या पगारातले. आणि बंद केलं की बऱ्याच जणांचं वजन परत येतं, त्यामुळं तुझ्या बीपीच्या गोळीसारखं लांबचं धरून चालायचं. बाबा, तुमची शुगर आहे म्हणून तुम्ही मेडिकलमधून आणून घ्यायचं नाही हं, तुमचं तुमचे डॉक्टर बघतील.

एक मात्र तुमच्याकडूनच पाहिजे. या औषधानं चरबीबरोबर स्नायू पण जातात, म्हणून प्रोटीन आणि ताकदीचा व्यायाम दोन्ही लागतं. बाबा, मला बैठका शिकवा. गुडघे दुखतात म्हणून खुर्चीला धरून चालू करू, तुम्ही खुर्चीत बसून मोजा. दादाला शिकवलंत तेव्हा मी दारात उभी राहून बघत होते, मला कधी बोलावलं नाहीत.

आणि आई, रविवारी येते. मला पांढरा अर्धी वाटीच, मटणाचे दोन तुकडे, भाकरी अर्धी, आणि मटकीची उसळ असली तर ती जरा जास्त. मी थांबले की आग्रह करू नकोस, ताटात उरलं तर तुझ्या हाताला नाव ठेवलं असं मनात आणू नकोस. काकूंना पीठ दिलं, त्यांनी आंबील केली आणि तुला लई आशीर्वाद दिलेत. त्यांचा फ्रीज चांगला चाललाय. डबा धुऊन ठेवलाय, येताना घेऊन येते.

तुमची,
चिमी