मंद हेडलाइटला मोठा बल्ब हा उपाय नव्हे

माननीय संपादक,
स. न. वि. वि.

रात्री समोरून येणाऱ्या गाड्यांच्या झगझगीत दिव्यांबद्दल आपल्या पत्रसदरात अधूनमधून तक्रारी येतात. त्या दिव्यांतले काही मुळात का बसवले जातात, हे मी गेल्या पावसाळ्यात घरच्याच गाडीवर पाहिले, म्हणून लिहितो.

माझ्या भाच्याकडे ‘सॅन स्टॉर्म’ आहे. तरुण वाचकांना हे नाव ठाऊक नसेल. 1998 साली बाजारात आलेली, आपल्या गोव्यात तयार झालेली ही दोन सीटची, कापडी टपाची स्पोर्ट्स कार. इंजिन रेनॉचे, बाराशे सीसीच्या आतले, आणि अंग सगळे फायबरचे. भाच्याने ती जुनीच घेतली आणि जिवापाड सांभाळली आहे. दिवसा गाडी सुरेख चालते. रात्री मात्र हेडलाइट देवघरातल्या समईएवढे. डावीकडचा इंडिकेटर लावला की डावा हेडलाइट त्याच्याबरोबर लुकलुकायचा. अप्पर दिला तरी फरक नाही. एकदा बेळगावहून येताना चोर्ला घाटात धुके आणि पाऊस एकदम आला, तेव्हा पुढच्या ट्रकच्या मागच्या लाल दिव्यांवर नजर ठेवून त्याने घाट उतरला.

गॅरेजवाल्याने गाडी पाहिली आणि 60/55 वॅटचे (अप्परला 60, डिप्परला 55) हॅलोजन बल्ब काढून 100/90 चे घातले. चार दिवस बरे वाटले. महिन्याभरात उजवा होल्डर वितळून बल्बच्या पायांना चिकटला. मग सल्ला मिळाला की एलईडीचा किट बसवा. भाचा तयारही झाला होता. ‘मामा, एकदाच खर्च करू आणि मोकळे होऊ,’ म्हणाला. मी म्हटले, गाडी रविवारी माझ्या दारात लाव.

मी एकतीस वर्षे वायरमन म्हणून काम केले. घरातले दिवे मंद-तेज व्हायला लागले की आम्ही बल्बकडे बघत नसू, आधी न्यूट्रल बघायचो. गाडीतही तेच. बॅटरीच्या प्लसमधून गेलेला करंट मायनसला परत यायला हवा. पत्र्याच्या गाडीत दिव्याची अर्थ वायर जवळच्या पत्र्याला स्क्रूने कसली की काम भागते, सगळी बॉडीच न्यूट्रल असते. फायबरमधून करंट जात नाही. तिथे प्रत्येक दिव्याची अर्थ वायर लोखंडी सांगाड्यापर्यंत न्यावी लागते, आणि तो एक जोड बिघडला की त्यावरचे सगळे दिवे एकमेकांत अडकतात. इंडिकेटरच्या तालावर हेडलाइट लुकलुकतो तो यामुळे.

आता मोजायचे कसे, ते सांगतो, कारण चूक इथेच होते. गॅरेजमधल्या मुलाने होल्डर बल्बवरून काढून त्यात मीटर धरला होता. पूर्ण व्होल्टेज दिसले, म्हणून त्याने वायरिंग ठीक ठरवले. पण भार नसताना कुजक्या तारेतूनही पूर्ण व्होल्टेज दिसते. मोजायचे ते दिवा पेटलेला असताना, होल्डर जागेवर ठेवून, त्याच्या मागून पिन घालून. इंजिन चालू असताना बॅटरीवर 13.8 व्होल्ट होते. मीटरची एक पिन बॅटरीच्या मायनसला आणि दुसरी बल्बच्या अर्थच्या पायाला लावली. तिथे शून्याच्या जवळपास, फार तर 0.2 यायला हवे. आले 1.9. मग बॅटरीच्या प्लसपासून बल्बच्या प्लसपर्यंत पाहिले, तिकडे आणखी 1 व्होल्ट. म्हणजे बल्बला मिळत होते 10.9. हॅलोजनचा उजेड व्होल्टेजच्या कितीतरी पट वेगाने घटतो. दहा टक्के व्होल्टेज घटले की उजेड साधारण तीस टक्क्यांनी जातो. आमचा तर निम्म्याहून कमी उरला होता. त्याच जुन्या जोडांतून आणि होल्डरच्या पायांतून मोठ्या बल्बचा दीडपटीहून जास्त करंट ओढला की तिथली उष्णता जवळपास पावणेतीन पट होते. होल्डर वितळणारच.

जोड सापडला डाव्या दिव्यामागे, चाकाच्या वरच्या अंगाला. चार काळ्या वायरी एका थिंबलमध्ये (वायरीच्या टोकाला दाबायच्या धातूच्या कडीत), आणि ते थिंबल सांगाड्याला एका बोल्टने कसलेले. बोल्टावर तांबड्या मातीचा थर, खाली गंज. वायरीचे प्लॅस्टिक बोटभर मागे सोलले तर आतल्या तांब्याला हिरवा कळक. पितळेच्या भांड्यात ताक राहिले की चढतो तसा. बोटाने दाबल्यावर निम्म्या तारा भुकटी होऊन गळल्या. आपल्याकडची खारी हवा आणि चार महिन्यांचा पाऊस, त्यात वीस वर्षांहून जुनी तार, दुसरे काय होणार?

आधी बॅटरीची मायनस वायर सोडवली. कळकलेला भाग कापून नवे थिंबल दाबून डाख दिला, सांगाड्यावरचा गंज आणि रंग पॉलिश पेपरने चकचकीत होईपर्यंत घासला, बोल्ट कसून वर ग्रीस लावले. शिवाय अडीच एमएमची एक वेगळी अर्थ वायर थेट बॅटरीच्या मायनसला नेली. प्लसच्या बाजूला दोन रिले (थोड्या करंटवर चालणारे, मोठा करंट चालू-बंद करणारे स्विच) टाकले, एक डिप्परला, एक अप्परला, आणि फ्यूज बॅटरीच्या अगदी जवळ. आता डॅशबोर्डच्या स्विचमधून फक्त रिलेचा किरकोळ करंट जातो, दिव्यांचे दहा अँपिअर जात नाहीत. पुन्हा 60/55 चेच बल्ब लावून मोजले: 13.5 व्होल्ट. संध्याकाळी समोरच्या गडग्यावर उजेड पाडला तेव्हा डिप्परची वरची कड रेघ ओढल्यासारखी स्वच्छ दिसली. भाचा बराच वेळ त्या भिंतीपुढेच उभा होता. सामानाचा सगळा खर्च किटच्या सांगितलेल्या किमतीच्या पावपटही आला नाही.

एलईडीला माझा विरोध नाही, त्याच्यासाठी बनवलेल्या दिव्यात तो उत्तमच चालतो. पण हॅलोजनच्या रिफ्लेक्टरमध्ये तार जिथे पेटते त्या जागेवर आरशाचा सारा हिशेब बसवलेला असतो. प्रकाशाची जागा थोडी जरी हलली तरी उजेड रस्त्यावर न पडता समोरच्याच्या डोळ्यांत जातो. समोरचा दुचाकीवर असेल, पावसात असेल, मागे मूल बसलेले असेल. म्हणून माझी गॅरेजवाल्या भावांना कळकळीची विनंती आहे: बल्ब बदलण्याआधी पाच मिनिटे मीटर लावा, दिवा पेटता ठेवून, प्लस आणि अर्थ दोन्ही बाजूंनी. गिऱ्हाइकांनीही तसे करायला सांगावे.

आणखी एक. या गाडीचा मूळ वायरिंगचा नकाशा आम्हाला कुठेच मिळाला नाही. दिव्यांची प्रत्येक वायर धरून, तिचा रंग आणि ती कुठून कुठे जाते हे मी वहीत उतरवले आहे; हॉर्न आणि वायपर अजून राहिले आहेत. ज्यांच्याकडे ही गाडी असेल त्यांनी आपल्या कार्यालयात कळवावे, मी झेरॉक्स देईन. कोणाकडे मूळ नकाशा असल्यास तो दोन दिवसांसाठी पाहायला मिळावा.

आपला,
एक निवृत्त वायरमन, फोंडा