गोळी घेण्याआधी विचारा

महोदय,

माझे काका रोज सिगारेट ओढतात आणि ‘फुप्फुसं सांभाळायला’ म्हणून वर बीटा कॅरोटीनची (गाजरासारख्या भाज्यांत असणाऱ्या केशरी द्रव्याची) केशरी गोळी घेतात. मला धास्ती वाटते ती त्या गोळीचीच. फिनलंडमध्ये धूम्रपान करणाऱ्या २९ हजारांहून अधिक पुरुषांवर चाचणी झाली. १९९४ मध्ये तिचे निष्कर्ष आले: रोज २० मिलिग्रॅम बीटा कॅरोटीन घेणाऱ्यांत फुप्फुसाचा कर्करोग सुमारे १८ टक्के जास्त! (भाजी-फळांतून मिळणाऱ्या कॅरोटीनची भीती नको.) अशा गोळ्या घेतल्या जातात त्या फ्री रॅडिकल्सना, म्हणजे शरीरात तयार होणाऱ्या अतिक्रियाशील रेणूंना, आवर घालण्यासाठी. पण हे रेणू म्हणजे निव्वळ शत्रू, हा समजही चुकीचा, पांढऱ्या पेशी त्यांच्याच जोरावर जंतू मारतात. धूम्रपान करणाऱ्यांसाठीचा इशारा अशा गोळ्यांच्या वेष्टनावर ठळक छापायला हवा. डॉक्टरांनीही ‘आणखी कोणत्या गोळ्या घेता?’ हे आवर्जून विचारावं.

– एक वाचक