न उघडलेलं शेवटचं पुस्तक

प्रिय मित्रा,

तुझं पत्र परवा मिळालं. बाकीचं सगळं वाचून झालं, पण शेवटच्या दोन ओळींवर अडकलो. अगाथा ख्रिस्तीच्या पॉयरोचं, आपल्या त्या बेल्जियन डिटेक्टिव्हचं, शेवटचं पुस्तक कित्येक वर्षं तुझ्या कपाटात पडून आहे, तू ते मुद्दाम उघडलेलं नाहीस आणि उघडणारही नाहीस, कारण तू वाचत नाहीस तोवर तो जिवंत आहे! असं तू लिहिलंस आणि मला अगदी भरून आलं. कारण मीही हेच करत होतो. माझं 'कर्टन'सुद्धा, म्हणजे तेच शेवटचं पुस्तक, वरच्या फळीवर, मागच्या रांगेत, हाताला सहज लागणार नाही अशा जागी होतं.

मागच्या महिन्यात तापानं आठ दिवस अंथरुणावर होतो. हाताशी असलेली पुस्तकं संपली आणि एका दुपारी स्टूल घेऊन ते खाली काढलं. वाचलं. मग राहवेना. होम्स, मोर्स, रीबस, वॉलँडर, ज्या ज्या डिटेक्टिव्हची शेवटची केस घरात होती ती ओळीनं वाचून काढली. त्यामुळे हे पत्र लांबणार आहे. एक शब्द आधीच देतो. 'कर्टन'मध्ये पुढे काय होतं ते मी एका अक्षरानंही फोडणार नाही. बाकीची पुस्तकं तू वाचलेली आहेस, त्यांच्याबद्दल मात्र मोकळेपणानं लिहितो.

तुला वाचनालयाचं ते लाल कापडी बांधणीचं पुस्तक आठवतं? कुणीतरी चाळिसाव्या पानावर, समासात, पेन्सिलीनं 'हाच खुनी' असं लिहून बाण काढला होता. तू आधी वाचलंस आणि माझ्या हातात देण्यापूर्वी ते खोडरबरानं पुसून टाकलंस. इतकं घासलंस की कागद तिथे पातळ झाला होता. मी पान उजेडात धरलं तेव्हा मला ते पुसट दिसलं, पण तुला कधी सांगितलं नाही. आज सांगतोय, कारण या पत्रात मला जे म्हणायचंय त्याच्याशी त्या पातळ झालेल्या कागदाचा संबंध आहे.

आधी पुस्तकाची हकीकत सांगतो, ती सांगण्यात काही फुटत नाही. आपण धरून चाललो होतो की 1975 साली आलेलं पुस्तक म्हणजे थकलेल्या हातानं लिहिलेलं असणार. 1972 चं 'एलिफंट्स कॅन रिमेंबर' वाचून तुझा किती विरस झाला होता ते मला ठाऊक आहे. पण 'कर्टन' त्याच्यानंतरचं नाहीच. ख्रिस्तीबाईंनी ते दुसऱ्या महायुद्धात लिहिलं. लंडनवर बॉम्ब पडत होते, आपण यातून वाचू की नाही याची त्यांना खात्री नव्हती. त्या काळात त्यांनी दोन पुस्तकं लिहून तिजोरीत ठेवली, एक पॉयरोचं आणि एक मिस मार्पलचं, त्यांच्या दुसऱ्या, म्हाताऱ्या डिटेक्टिव्हचं. पॉयरोचं मुलीच्या नावे केलं, मार्पलचं नवऱ्याच्या नावे. आपण गेलो तर मागे राहणाऱ्यांना काहीतरी मिळावं, हा साधा विचार.

म्हणजे बघ, त्यानंतर तीसेक वर्षं बाई पॉयरोच्या नव्या नव्या केसेस लिहीत राहिल्या आणि त्याची शेवटची केस तिजोरीत तयार होती. आपण वाढदिवसाला एकमेकांना दिलेली कितीतरी पुस्तकं या मधल्या काळातली आहेत. 'कर्टन' बाहेर आलं तेव्हा 6 ऑगस्ट 1975 च्या 'न्यूयॉर्क टाइम्स'नं पहिल्या पानावर पॉयरोची मृत्युवार्ता छापली. जो माणूस कधी जन्मलाच नाही त्याची! त्यामुळे तो जातो हे सगळ्या जगाला माहीत आहे, तुलाही आहे, आणि तेवढंच मी इथे गृहीत धरतोय. पुढच्या जानेवारीत, 12 तारखेला, बाई स्वतः गेल्या. मार्पलचं पुस्तक त्याच वर्षी आलं, आणि त्यात म्हातारी शेवटपर्यंत ठणठणीत आहे. एकाच युद्धात, एकाच भीतीपोटी लिहिलेली दोन पुस्तकं, पण एकीला त्यांनी जगू दिलं आणि एकाला नाही. असं का, याचा मी आठ दिवस विचार केला.

मला वाटतं, कारण हेस्टिंग्ज आहे, पॉयरोचा जुना मित्र आणि त्याच्या गोष्टी सांगणारा. मार्पलला हेस्टिंग्ज नाही.

तुझी शपथ मोडणार नाही एवढंच, पहिल्या काही पानांतलं, सांगतो. हेस्टिंग्ज स्टाइल्सला परत येतो. 1920 च्या पहिल्या पुस्तकात जिथे त्या दोघांनी पहिला खून उलगडला तेच घर. आता तिथे पैसे घेऊन पाहुणे ठेवतात. हेस्टिंग्जची बायको वारली आहे, मुलगी मोठी झाली आहे. आणि पॉयरो चाकाच्या खुर्चीत आहे. संधिवातानं हातपाय आखडलेले, चेहरा सुरकुतलेला, अंग आटून गेलेलं. फक्त केस आणि मिशा कुळकुळीत काळ्या. ते काळेपण त्या चेहऱ्यावर इतकं परकं दिसतं की हेस्टिंग्जच्या पोटात तुटतं. मी तिथे पुस्तक छातीवर उपडं ठेवलं आणि बराच वेळ छताकडे बघत पडलो. आपल्या एखाद्या मास्तरांना खूप वर्षांनी भेटायला जावं आणि दार उघडणारा माणूस ओळखूच येऊ नये, तसं झालं.

आणि तरी डोकं जागच्या जागी आहे. पॉयरो त्याला सांगतो की या घरात खून होणार आहे, खुनी कोण ते मला माहीत आहे, पण नाव तुला सांगणार नाही, कारण तुझ्या चेहऱ्यावर सगळं दिसतं. इथून पुढे मी गप्प.

आता बाकीच्यांकडे येतो. वाचता वाचता एक गोष्ट माझ्या लक्षात आली आणि मग ती जिथे तिथे दिसू लागली. एरवीच्या केसमध्ये डिटेक्टिव्ह शेवटी खुन्याशी बोलतो. सगळ्यांना दिवाणखान्यात बसवतो, एकेकाचा खोटेपणा सोलून काढतो आणि मग एकाकडे बोट दाखवतो. शेवटच्या केसमध्ये मात्र तो आपल्या माणसाशी बोलतो. खुनी कोण हे मला आता यातल्या निम्म्या पुस्तकांत धड आठवतही नाही. मागे कोण राहिलं ते मात्र प्रत्येकातलं आठवतं.

होम्सचंच घे. डिसेंबर 1893 मध्ये कॉनन डॉइलनं त्याला रायशेनबाखच्या धबधब्यात लोटलं. मॉरियार्टीशी, त्याच्या कट्टर शत्रूशी, झालेली झटापट आपल्याला दिसतच नाही. दिसतो तो वॉटसन, त्याचा मित्र आणि त्याच्या केसेस लिहून ठेवणारा. तो धापा टाकत परत वर येतो, खडकाला टेकवलेली होम्सची काठी बघतो, मग चांदीची सिगारेटची डबी, आणि तिच्याखाली वहीतून फाडलेली तीन पानं. त्याच्यासाठी लिहिलेली. अक्षर नेहमीसारखंच ठाम, जणू अभ्यासिकेत बसून लिहिलंय. मरण चार पावलांवर उभं असताना होम्स काय लिहितो, तर पुराव्याची कागदपत्रं कुठल्या खणात, निळ्या पाकिटात आहेत ते, आणि वॉटसनच्या बायकोला नमस्कार. लहानपणी हे वाचताना तो निळ्या पाकिटाचा भाग मी भरभर पुढे सारायचो. या वेळी तिथेच थांबलो. घर सोडून निघालेला माणूस चाव्या कुठे ठेवल्यात ते सांगून जातो, तसं आहे ते.

डॉइलला त्याला परत आणावं लागलं हे आपल्याला माहीतच आहे. पण निवृत्तीनंतरचा होम्स तू परत वाच, 1926 ची 'लायन्स मेन'. ससेक्समध्ये मधमाश्या पाळून राहिलेला, समोर एक मृत्यू, सगळ्यांचा संशय माणसांवर, आणि मारेकरी निघतो समुद्रातला एक जेलीफिश. खून असा नाहीच. कथा म्हणून ती काही त्याच्या उत्तम कथांपैकी नाही. पण ती त्यानं स्वतः सांगितली आहे, कारण वॉटसन आता जवळ नाही. आणि तो म्हणतोच की वॉटसन असता तर त्यानं याचं काय सोनं केलं असतं. ज्या लिखाणावर होम्स आयुष्यभर नाक मुरडत होता, त्याची किंमत त्याला हातात लेखणी धरल्यावर कळली. एवढ्यासाठी तरी वाच.

ऑक्सफर्डच्या इन्स्पेक्टर मोर्सच्या शेवटच्या केसमध्ये, 1999 च्या त्या पुस्तकात, तो ती फाइल घ्यायलाच टाळाटाळ करतो. खून झालेली नर्स त्याच्या ओळखीची, ओळखीहून थोडी जास्तच. हाताखालच्या लुईसच्या मनात स्वतःच्या साहेबाबद्दल शंका येते, आणि तरी तो त्याच्या बाजूला उभा राहतो. उमेदीत वर्षानुवर्षं ज्याच्यावर खेकसला, ज्याला बिअरचे पैसे द्यायला लावले, त्याचे मोर्स शेवटच्या क्षणी आभार मानतो. तेही समोर नाही, हॉस्पिटलमध्ये दुसऱ्याकडे निरोप ठेवून. लुईस तिथे नसतो. हे फार लागतं मला. समोर असता तर मोर्सला ते बोलता आलं नसतं, हे लेखकानं, कॉलिन डेक्स्टरनं, बरोबर ओळखलं.

एडिनबर्गचा पोलीस रीबस, त्याचं सगळ्यात वेगळं. इयन रँकिननं त्याला खरोखरच्या वर्षांबरोबर म्हातारं केलं. पहिलं पुस्तक 1987 चं, शेवटची केस 2007 ची, कारण साठी आली आणि नोकरीचा नियम म्हणजे नियम. दहा दिवस उरलेले, एका रशियन कवीचा खून, आणि रीबस त्यातच जुन्या न सुटलेल्या फायली हाताखालच्या शिवानच्या गळ्यात मारायला बघतो, म्हणजे त्याच्यामागे कुणीतरी त्या उघडेल. पण शेवट आठव. ज्या कॅफर्टी नावाच्या गुंडाला गजाआड करण्यात आयुष्य घातलं तो हॉस्पिटलात बेशुद्ध, यंत्रावरची रेघ सपाट होते, आणि रीबस धावत जाऊन दोन्ही हातांनी त्याची छाती दाबू लागतो. त्याला वाचवायला! शत्रूही वीस वर्षं बरोबर राहिला की आपल्या माणसांतच जमा होतो. पुढे 2012 मध्ये रँकिननं रीबसला जुन्या केसेसच्या कामावर परत आणलं, ते मी आनंदानं वाचलं. तरी माझ्यासाठी तो त्या हॉस्पिटलातच थांबला आहे, हात छातीवर.

वॉलँडरबद्दल, त्या स्वीडिश पोलिसाबद्दल, थोडक्यात लिहितो, कारण ते सोसत नाही. सुरुवातीलाच तो आपलं पिस्तूल रेस्तराँत विसरतो. पुढे विसरण्याचा अर्थ उलगडत जातो. शेवटी लेखक हेनिंग मँकेल जवळजवळ दार लावून घेतो. उरलेली वर्षं वॉलँडरची आणि त्याच्या लेकीची, आणखी कुणाची नाहीत, असं तो सांगतो. वाचकाला इतक्या प्रेमानं बाहेर काढलेलं मी दुसरीकडे पाहिलेलं नाही.

आता तुझ्या मुद्द्यावर येतो. वाचलं नाही तर तो जिवंत राहतो, असं तू म्हणतोस. मला आधी हे खरं वाटायचं, आता नाही वाटत. त्याचं कारण ब्योमकेश, तो बंगाली डिटेक्टिव्ह. शरदिंदु बंदोपाध्यायांनी 1932 पासून त्याच्या कथा लिहिल्या, मध्ये पंधरा वर्षं थांबले, परत लिहू लागले, आणि 1970 मध्ये गेले तेव्हा 'बिशुपाल वध' अर्धी राहिली. नाटक चालू असताना नट मरतो, ब्योमकेश तपासाला लागतो, आणि लेखणी थांबते. तुझ्या हिशेबानं ब्योमकेश अमर झाला. पण ती कथा वाचून बघ. तो जिवंत आहे असं वाटत नाही, तो अडकलाय असं वाटतं. प्रश्न विचारून झालाय, उत्तर येत नाही, आणि बरोबरची माणसं ताटकळत उभी आहेत. मी ती संपवली तेव्हा शेजारच्या खोलीत कुणीतरी बोलता बोलता गप्प झाल्यासारखं वाटलं.

ख्रिस्तीबाईंना नेमकी हीच भीती होती. आपल्यावर बॉम्ब पडला तर पॉयरो असा मध्येच लटकत राहील, हेस्टिंग्ज असाच ताटकळत राहील. म्हणून त्यांनी धडधाकट असताना, पन्नाशीत, हात चालत असताना ते काम पुरं करून कुलपात ठेवलं. युद्धातून ते कागद वाचले, त्यानंतर तीस वर्षं वाचले. तुझ्या फळीपर्यंत येऊन पोचले. आणि तू त्यांना मागच्या रांगेत उभं केलं आहेस. रागावू नकोस, मीही तेच केलं होतं.

मला तुझ्यासाठी त्या पुस्तकातलं काही पुसून ठेवायचं नाहीये आणि काही लिहूनही ठेवायचं नाहीये. माझी प्रत हवी असेल तर तीही कोरी आहे, एक रेघसुद्धा मारलेली नाही. फक्त शेवटचं प्रकरण आधी उघडायची तुझी सवय या एका पुस्तकापुरती सोड. पहिल्या पानापासून, हेस्टिंग्जच्या पावलानं चल. तो मंद आहे, सगळं चुकीचं समजतो, पॉयरोवर चिडतो. या वेळी त्याच्यावर हसू नकोस. घाई करू नकोस. ज्या रात्री शेवटची तीस पानं उरतील त्या रात्री दुसरं काही काम ठेवू नकोस.

वाचून झालं की पत्र लिहीत बसू नकोस, फोन कर. किती का वाजले असेनात. खुनी कोण ते मला बोलायचं नाही. मला हेस्टिंग्जबद्दल बोलायचं आहे, आणि ते वाचलेलं दुसरं कुणी माझ्या जवळ नाही.

तुझा,
मित्र