नंबर फिरवून पाहणाऱ्या प्रेसवाल्या आप्पांना

आप्पा, रामराम.

हे पत्र हातात दिलं असतं तर तुम्ही ‘त्यात काय एवढं’ म्हणत काउंटरखाली सरकवलं असतं. म्हणून चारचौघांत लिहिते. अमळनेरात आणि आजूबाजूला घरातून हार-गजऱ्यांचं काम सुरू करणाऱ्या बायांनाही यातलं काही उपयोगी पडेल.

तुमच्या आधी एकाने दोन हजार रंगीत पत्रकं गळ्यात मारली होती. त्यात मोबाइल नंबरचा एक आकडा चुकलेला, आणि वर उत्तर काय, तर ‘तुम्हीच तसा लिहून दिला’. तुम्ही छापण्याआधीचा नमुना, ते प्रूफ, हातात घेतलं, चष्मा कपाळावर चढवला आणि छापलेला नंबर स्वतःच्या फोनवरून फिरवून पाहिला. माझ्या पिशवीत रिंग वाजली तेव्हा म्हणालात, ‘हं, आता छापू.’ दहा सेकंदांचं काम. आभार मुख्यतः त्याचेच.

पत्रकं नकोत हेही तुमचंच. लग्नपत्रिकांच्या कातरणातून दोन बाय तीन इंचाच्या चिठ्ठ्या, कोपऱ्यात भोक, जुन्या ट्रेडल छापयंत्रावर छपाई. पत्रक न मागता दारात येतं आणि संध्याकाळी त्यात फुटाणे बांधले जातात. चिठ्ठी विकत घेतलेल्या गजऱ्याबरोबर घरी जाते. तिच्यावर नाव, नंबर आणि ‘ऑर्डर आदल्या दिवशी दुपारपर्यंत’, एवढंच. घरच्या इंकजेटवर छापू नका, रबरी शिक्काही नको. ओली फुलं लागली की ती शाई पसरते. ट्रेडलची शाई तेलकट असल्याने टिकते. तरी चिठ्ठी पुड्याच्या आत टाकायची नाही, बाहेर दोऱ्याला लटकवायची.

पुडा केळीच्या पानाचा. जळगाव जिल्ह्यात केळीच्या पानाला काय तोटा! पान शेगडीच्या आचेवर दोन्ही बाजूंनी क्षणभर फिरवलं की मऊ पडतं, घडी घालताना चिरत नाही. बंद प्लास्टिकमध्ये मोगऱ्याला घाम सुटतो आणि कळ्या तपकिरी पडतात. आपल्याकडच्या मे महिन्यात तर विचारूच नका. शिवाय बसमध्ये कुणाच्या हातात हिरवा पुडा दिसला की शेजारची बाई विचारतेच, कुठून घेतला?

व्हॉट्सअ‍ॅपवर बहुतेक जणी एकाच ठिकाणी फसतात. ब्रॉडकास्ट लिस्टमध्ये, म्हणजे एकच मेसेज एकदम सगळ्यांना पाठवायच्या यादीत, 256 नंबर बसतात, पण ज्यांनी आपला नंबर सेव्ह केलेला नाही त्यांना मेसेज पोचतच नाही. आपण समजतो, लोकांना नको आहे. म्हणून पुडा देतानाच ‘ताई, नंबर सेव्ह करून घ्या’ म्हणायचं, लाजायचं नाही. मार्गशीर्षातल्या गुरुवारचा मेसेज मंगळवारी संध्याकाळी जायला हवा, बुधवारी रात्री उशीर झालेला असतो. श्रावणातल्या कानबाईच्या सणाचा आठ दिवस आधी. स्टेटस 24 तासांत जातं, तेव्हा ते सकाळी टाकावं; फोटो खिडकीच्या उजेडात, शेजारी हात ठेवून, म्हणजे हाराची जाडी कळते. दसऱ्याच्या झेंडूचा भाव मात्र आधी लिहायचा नाही. तो रातोरात चढतो आणि लिहिलेला भाव आपल्याच अंगावर येतो. निम्मे पैसे आगाऊ घ्या, बाकी त्या दिवशीच्या भावाने.

गूगल मॅपवरची नोंद फुकट आहे. घरचा पत्ता लपवून फक्त आपण पोचवतो ती गावं दाखवता येतात. बाईमाणसाच्या घरी रात्री दहाला कुणी ‘फुलं आहेत का’ म्हणत येऊ नये, त्यासाठी एवढं कराच.

आणि आप्पा, तुमचं ते दुसरं. गावात लग्नाची तारीख मांडववाल्याच्याही आधी प्रेसवाल्याला कळते. पत्रिका पसंत करणाऱ्याला तुम्ही सहज विचारता, ‘फुलांचं ठरलं का?’ आणि काचेखालच्या चिठ्ठीवर बोट ठेवता. कमिशनचं नाव काढलं तर चहा मागवून विषय बदलता. असा भला माणूस गावोगाव एखादा तरी असतो. त्याची पाटी नसते, म्हणून तो सापडायला आधी दोन-चार ठग भेटावे लागतात.

अखाजीला, अक्षय्य तृतीयेला, लग्नांची झुंबड असेल. चिठ्ठ्या संपत आल्यात, पुढच्या आठवड्यात येते. कातरण बाजूला काढून ठेवा. नंबर तोच आहे, तरी एकदा फिरवून पाहा.

तुमची,
गल्लीतली फुलवाली